कर्जाची परतफेड आणि आपली पत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेतील सर्वांत नीरस विषय माझ्या वाट्याला आला आहे, याची मला जाणीव आहे. त्यातून जेवणाची वेळ जवळ आलेली. तरीही हा विषय मी कार्यकारिणीकडून आग्रहाने मागून घेतला. कारण आपल्या घरोघरी कर्जे आहेत आणि त्यांविषयी कोणी कोणाशी बोलत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराची वही पाहिली होती. एकदा अंगठा उठविला की नातवापर्यंत सुटका नसे. त्या आठवणीमुळे कर्ज म्हणजे लाज, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु १९२० साली बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला परतले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी आपण मुलांना नेतो, तेव्हा ही कर्जाची हकिकतही त्यांना अवश्य सांगावी.

लाजेपायी काय होते, ते स्वानुभवाने सांगतो. २००८ साली वडिलांची शस्त्रक्रिया आणि धाकट्या बहिणीचे लग्न एकाच हिवाळ्यात आले. मी दोन क्रेडिट कार्डांवरून रोख रक्कम काढून गावी पाठविली. अशी रोख काढली की वेगळे शुल्क पडते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते, एवढेही मला ठाऊक नव्हते. पुढे हप्ते चुकले. येणारी पत्रे मी न फोडताच स्वयंपाकघरातील खणात तळाशी ठेवीत असे. दोन वर्षांनी घराच्या कर्जाचा करार बदलून घेण्याची वेळ आली, अर्ज नाकारला गेला, आणि पत्नीला सारे कळले. "मला का नाही सांगितलेत?" एवढेच ती म्हणाली. त्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

आता या देशातील 'वही'कडे वळू. येथे आपल्या पतीच्या, म्हणजे पैशाच्या बाबतीतील विश्वासार्हतेच्या नोंदी एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था ठेवतात. (भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये, त्यांच्या पतिराजांची नोंद तेथे मिळत नाही!) त्या नोंदीत आपला पगार नसतो. भारतातील बँकेशी वीस वर्षे केलेला चोख व्यवहार नसतो. आपसांत चालविलेली भिशी नसते. धर्म नसतो, जात नसते, कातडीचा रंगही नसतो. असते ते एवढेच की कोणाचे किती देणे आहे आणि कोणत्या महिन्याचा हप्ता वेळेवर आला. चुकलेला हप्ता तेथे सहा वर्षे दिसतो. पतीचे गुण तिन्ही संस्थांचे निरनिराळे आणि कर्ज देणारा आपली स्वतःची कसोटी लावतो. म्हणून गुणांच्या आकड्यामागे धावू नये, मूळ नोंद वाचावी. पूर्वी तिला दोन पौंड पडत. २०१८ पासून ती विनामूल्य मिळते. स्वतःची नोंद स्वतः पाहिल्याने गुण घटत नाहीत. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आणखी एक करावे. भारत राष्ट्रकुलात असल्याने, कायदेशीर वास्तव्य असल्यास आपले नाव येथील मतदार यादीत येऊ शकते आणि नाव-पत्त्याची खात्री पटविण्यास ती नोंद उपयोगी पडते. मताचे मोल आपल्या समाजाला मी काय सांगावे!

अंदाजपत्रकाचे म्हणाल तर प्रश्न बेरजेचा कमी आणि क्रमाचा अधिक आहे. पगार झाला की आपण प्रथम गावी पैसे पाठवितो, मग किराणा, आणि हप्त्यांना उरेल ते. क्रम उलटा हवा. घराचा हप्ता वा भाडे, कौन्सिल टॅक्स आणि वीज-गॅस आधी. त्यानंतर प्रत्येक कार्डाची किमान रक्कम, तीही डायरेक्ट डेबिटने, पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नंतर घरखर्च. गावी पाठवू नका असे सांगण्याची माझी छाती नाही, कारण मी स्वतः आजही पाठवितो. परंतु ती रक्कम ठरलेली असावी आणि ती किती, हे तेथील मंडळींना आधीच स्पष्ट सांगितलेले असावे. मोटारीचा विमा, शाळेच्या सुट्टीतील विमानाची तिकिटे हे खर्च 'अचानक' येत नाहीत. वर्षाची बेरीज करून बाराने भागावे. जयंतीची वर्गणीही त्यातच धरावी, हे मी मंडळाचा खजिनदार या नात्याने सांगतो.

किमान रकमेवर मात्र विसंबू नये. समजा, कार्डावर ३,००० पौंड देणे आहे आणि व्याज वर्षाला २४ टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज सुमारे ५४ पौंड. किमान रक्कम म्हणजे व्याज अधिक मुद्दलाचा एक टक्का धरल्यास ८४ पौंड भरूनही देणे फिटते ते केवळ ३०. महिन्यागणिक किमान रक्कम लहान होत जाते आणि तेवढीच भरत राहिल्यास दहा वर्षांनंतरही सुमारे ९०० पौंड शिल्लक राहतात. तेच ८४ पौंड न घटविता भरत राहावे, तर पाच वर्षांच्या आत सुटका होते; दरमहा १५० भरल्यास दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो.

आणि पैसे पुरतच नसतील तर? हप्ता चुकण्यापूर्वी कर्ज देणाऱ्याला कळवावे. कार्डवाल्यांचे फोन सर्वांत जास्त येतात. म्हणून त्यांना भागवून घरभाडे थकविणे ही घोडचूक होय. स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था विनामूल्य सल्ला देतात. शुल्क मागणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याचे कारण नाही. इंग्लंड व वेल्समध्ये मे २०२१ पासून 'ब्रीदिंग स्पेस' नावाची सोय आहे. कर्जसल्लागारामार्फत अर्ज मंजूर झाल्यास बहुतेक कर्जांवरील व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई साठ दिवस थांबते.

सभागृहाच्या मागील टेबलावर महिन्याच्या अंदाजपत्रकाचे कोरे तक्ते ठेवले आहेत. कृपया प्रत्येक कुटुंबाने एक घ्यावा आणि तो पती-पत्नींनी एकत्र बसून भरावा. मी जेवणानंतर तेथेच बसणार आहे. न फोडलेली पाकिटे कोणी सोबत आणली असल्यास दार बंद करून आपण ती एकत्र उघडू. जयभीम!