'लाजवाब'च्या पुढे

(छायाचित्रण शिकणाऱ्या तरुणांसमोर परभणीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



फेब्रुवारीत परभणीचा उरूस भरला, की आपल्या मोबाइलवर फोटोंचा पूर येतो. आकाशपाळणे, मिठाईची दुकाने, दर्ग्यासमोरची गर्दी. प्रत्येक फोटोला तीच दाद: 'लाजवाब', 'माशाअल्लाह', 'एक नंबर'. दाद मिळाली की बरे वाटते, वाटावेही. पण तिच्यामुळे पुढचा फोटो सुधारत नाही. तुमच्यापैकी अनेकांना लग्नाच्या शूटिंगवर घर चालवायचे आहे. नाराज गिऱ्हाईक चूक समजावत बसत नाही, पुढच्या लग्नाला दुसऱ्याला बोलावते.

मग खरे सांगणारे लोक शोधायचे कुठे? जिथे परीक्षेचे निकष आधीच लिहून ठेवलेले असतात तिथे. २००४ साली सुरू झालेले विकिमीडिया कॉमन्स हे असे एक ठिकाण. तिथे 'क्वालिटी इमेज' म्हणून आपला फोटो मांडता येतो. तो किमान २ मेगापिक्सेलचा हवा. दुसरा सदस्य तो तपासतो आणि नाकारला तर कारण लिहितो.

आपल्या जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी मंदिरे घ्या. जवळ उभे राहून कॅमेरा वर केला, की भिंती आत झुकलेल्या दिसतात. 'छान' म्हणणारा हे सांगत नाही. 'उभ्या रेषा तिरक्या आहेत' असे कोणी म्हटले, तर उपाय हाती येतो: मागे सरका, कॅमेरा सरळ धरा, खालची जादा जमीन नंतर कापा. चुन्याची पांढरी भिंत फोटोत मळकट येते, कारण कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्यालाही मध्यम करडे समजतो. अशा वेळी एक्स्पोजर थोडे वाढवायचे. अशी एक सूचना शंभर लाइकपेक्षा मोलाची.

मात्र चांगले उत्तर हवे, तर प्रश्नही नेमका हवा. 'कसा वाटला?' याला 'छान' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी सांगा, 'मला आजीचे हात दाखवायचे होते. नजर तिथे जाते का?' शटर आणि आयएसओ किती ठेवले, तेही सांगा. अंधारात शटर मंद झाले म्हणून फोटो हलला की फोकसच चुकला, हे समोरच्याला त्यावरून कळते.

टीका करताना फोटोबद्दल बोला, फोटो काढणाऱ्याबद्दल नको. 'मुलीला कॅमेरा कशाला?' ही टीका नव्हे, ती वाट अडवणे आहे. असे बोलणाऱ्याला तिथेच थांबवणे ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी.

आणखी एक परीक्षक आपण विसरतो: फोटोतला माणूस. कॉमन्सवर दिलेला फोटो, परवान्याच्या अटी पाळून, कोणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणून दर्ग्यात दुआ मागणाऱ्या बाईचा चेहरा टिपला असेल, तर आधी तिला दाखवा, विचारा. ती 'नको' म्हणाली, तर तो निकाल अंतिम.

या आठवड्यात एवढेच करा. एक फोटो, एक नेमका प्रश्न आणि तीन माणसे: एक जाणकार, एक अनोळखी आणि फोटोतली व्यक्ती. तिघांचे ऐका. मग त्याच जागी जाऊन तोच फोटो पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.