संगणकातील दप्तराचा ताळा



हिशेब लिहून झाला की जाणता कारकून त्याचा ताळा पाहतो. संगणकात साठविलेल्या फाइलीसही असाच ताळा लागतो. त्यास ‘चेकसम’ म्हणतात. साठवणुकीची तबकडी झिजल्यास अथवा नक्कल होताना एखादा अंक नकळत पालटू शकतो. गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावर ४७२ चौरस मीटरचे ४२७ झाले, तर शेतकऱ्याची ४५ चौरस मीटर जमीन कागदोपत्री नाहीशी होते.

अंकांची नुसती बेरीज दोन्ही वेळा १३ येते व चूक लपून राहते. प्रत्येक अंकास त्याच्या स्थानक्रमाने गुणून बेरीज केल्यास मात्र पहिल्या संख्येची २४ व दुसरीची २९ येते. चूक उघडी पडते. मोठ्या फाइलींसाठी ‘एसएचए-२५६’ ही पद्धत ६४ अक्षरांचा ठसा काढते. फाइलीत एक अक्षर बदलले तरी ठसा निराळा येतो.

ताळा चूक दाखवितो, दुरुस्त करीत नाही. यास्तव ठसा वेगळ्या जागी नोंदवावा, ठरावीक काळाने पुन्हा काढून ताडून पाहावा आणि फाइलीची दुसरी प्रत अन्यत्र जपावी. मूळ नोंदच चुकली असेल, तर ताळाही तिलाच खरी मानील. तेथे लिहिणाऱ्याची दक्षता हाच उपाय होय.