पावसाआधी लाकडाला तेल



आपल्या हिंगोली जिल्ह्यात घराला रंग द्यायचा तो दिवाळीत. पाऊस उघडलेला असतो, सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, लेकी-जावई यायचे असतात. त्या झपाट्यात भिंतींबरोबर अंगणाचं फाटक, ओसरीचे खांब, माडीचा कठडा, कुंपणाच्या फळ्या यांच्यावरही ऑइल पेंटचा हात फिरतो. भिंतींचं ठीक आहे. पण उघड्यावरच्या लाकडाला रंगवायला याहून वाईट वेळ वर्षात दुसरी नाही. लाकडाचं काम चैत्र-वैशाखात, मृग निघायच्या आधी झालं पाहिजे.

कापून, रंधून, दाराला बसवल्यावरही लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते, की लाकडात चार-पाच टक्के ओल उरते. श्रावणात तेच लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांवर जातं. 20 सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी एवढ्या फरकानं तीन-चार मिलिमीटर फुगते. म्हणून श्रावणात दार चौकटीत अडकतं. आपण सुताराला बोलावून रंधा मारून घेतो आणि उन्हाळ्यात त्याच दाराला बोटभर फट पडते. दार अडकलं तर आश्विन संपेपर्यंत थांबावं, रंध्याला हात लावू नये.

ही ओल वीस टक्क्यांच्या वर जाऊन टिकून राहिली की लाकूड कुजवणारी बुरशी वाढू लागते. वीस टक्क्यांच्या खाली ती वाढू शकत नाही. म्हणजे लाकूड भिजण्याला आपण फार घाबरायचं कारण नाही, ते वाळत नाही ही खरी भीती आहे. आता दिवाळीचं बघा. चार महिने पाणी प्यालेल्या लाकडावर आपण जाड, चकचकीत थर चढवतो. आतली ओल आतच कोंडते. फाल्गुनापासून ऊन तापलं की ती बाहेर यायला धडपडते, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. पुढच्या पावसात त्या भेगांतून पाणी आत शिरतं, आणि उरलेला रंग त्याला बाहेर पडू देत नाही. वरून रंग दिसतो, आत खिळा बोटानं दाबला तरी रुततो.

उघड्यावरच्या लाकडाला म्हणून थर नको, आत मुरणारं तेल हवं. जवसाचं तेल या कामाला फार चांगलं. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मिळतं ते घ्यावं. आधी काचकागदानं जुना थर आणि करडा पापुद्रा पूर्ण काढावा. हा करडेपणा उन्हाचा. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य उन्हानं मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो. नुसतं बिनरंगी तेल ऊन अडवत नाही, म्हणून त्यात वस्त्रगाळ गेरू मिसळावा. गेरूतला लोहाचा अंश उन्हाचा मारा अंगावर घेतो. स्वीडनमधल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीतली तांबडी माती पाणी, पीठ आणि थोडं जवसाचं तेल यांच्याबरोबर शिजवून तिथल्या लाकडी घरांना शतकानुशतकं लावली जाते, आणि तो रंगही लाकडाला श्वास घेऊ देतो म्हणूनच टिकला. नुसत्या तेलावर आपल्या दमट दिवसांत काळी बुरशी धरते. गेरूनं तीही थोडी कमी होते, पण वर्षाआड नवा हात द्यावाच लागतो.

पहिला हात पातळ द्यावा, निम्मं तेल आणि निम्मं टर्पेंटाइन. अर्ध्या तासानं जे मुरलं नाही ते फडक्यानं पुसून घ्यावं, नाहीतर चिकट राहतं आणि धूळ बसते. दोन दिवसांनी दुसरा हात. वैशाखात काम करताना दुपार टाळा, सकाळी उन्हं चढायच्या आत आटपा. आणि सगळ्यांत जास्त तेल कुठं द्यायचं, तर टोकांना. करवत जिथं आडवी फिरली आहे तिथून लाकूड पाणी सरळ ओढून घेतं, बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी पटींनी. फळीच्या पोटावर दोन हात पुरतात, टोकांना तेल पिणं थांबेपर्यंत देत राहा.

कुंपणाचा खांब मात्र वरून कुजत नाही. तो जमिनीच्या बरोबरीला, वीतभर खाली-वर कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथं एकत्र मिळतात. आपल्या काळ्या मातीत हे जास्त होतं. उन्हाळ्यात ही माती आकसते, खांबाभोवती फट पडते, पहिल्या पावसाचं पाणी त्या फटीतून थेट बुडाशी उतरतं, मग माती फुगून ते महिनोन्‌महिने धरून ठेवते. टोक जाळून पुरलं की टिकतं असं अनेक शेतकरी मानतात, पण नुसत्या जाळण्यानं फारसा उपयोग होत नाही. खड्ड्यात काळी माती परत न भरता मुरूम ठासून भरावा, आणि जमिनीच्या वर त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल मुळीच नको. ते कधी वाळत नाही, पावसानं मातीत आणि तिथून विहिरीत उतरतं.

जुन्या वाड्यांचे बांधणारे हे सगळं जाणून होते. ओसरीचा खांब त्यांनी कधी जमिनीवर टेकवला नाही, त्याच्याखाली दगडी तळखडा दिला. त्यामुळे बुडाला ओल नाही, आणि वाळवी चढू लागली तर तिची मातीची वाट दगडावर लगेच दिसते. वसमत, कळमनुरीकडचे जुने वाडे आज पाडले जातात, तेव्हा त्यातलं सागवान विकत घेणारे रांगेत असतात. सागाच्या गाभ्यात वाळवीला नकोसं द्रव्य असतं. बाहेरच्या फिक्या सालपट भागात ते नसतं, म्हणून लाकूड घेताना सालीकडचा फिका पट्टा किती आहे ते बघून घ्या.

बाभूळ आणि बांबूला तर औषध लागतंच. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी 1933 साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. लाकडात ते एकदा बसलं की पावसानं सहसा धुऊन जात नाही. जगभर विजेचे खांब आणि कुंपणं त्यानं टिकली, हा आपल्या देशाचा मोठा शोध. पण त्यात आर्सेनिक असल्यामुळे 2003 अखेरपासून अमेरिकेत घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबवला. हिरवट झाक असलेले असे जुने खांब चुलीत जाळू नका, जनावरांच्या गव्हाणीलाही वापरू नका.

आणि एक अगदी महत्त्वाचं. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, ढिगात ती उष्णता साचते, आणि काडी न लावता फडकी पेटतात. दोरीवर एकेक सुटं पसरून वाळू द्या, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.