न घातलेल्या फुलांचा सुगंध

डार्क चॉकलेट म्हटलं की बहुतेकांना आधी कडूपणाच आठवतो. पण इक्वाडोरच्या ‘नासिओनाल’ जातीच्या कोकोपासून केलेलं ७० टक्क्यांचं चांगलं चॉकलेट चाखून पाहा. त्यात मोगऱ्यासारखा मंद वास आणि मधाची छटा जाणवते. फूल आणि मध मात्र त्यात घातलेले नसतात!

हा सुगंध मुळात बियांचाच. लव्हेंडरच्या फुलात असणारं लिनालूल हे सुगंधी द्रव्य या कोकोतही भरपूर असतं. गुलाब आणि मधाची आठवण करून देणारी द्रव्यं बिया आंबवताना यीस्टमुळे वाढतात. बिया फार कडक भाजल्या तर हा नाजूकपणा हरवतो, म्हणून जाणते कारागीर बेताच्या आचेवर भाजतात. इक्वाडोरमध्ये कोकोचा वापर ५,००० वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोगांनी नासिओनालच्या बागा उद्ध्वस्त केल्या, त्यामुळे अस्सल झाडं आज दुर्मीळ आहेत.

चाखताना घाई नको. चहा-कॉफीनंतर लगेच तर नकोच. फ्रिजमधलं चॉकलेट आधी बाहेर ठेवा, कारण थंडपणात वास दबतो. छोटा तुकडा मोडा, हुंगा आणि न चावता जिभेवर ठेवा. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. मग तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. फुलांचा वास तेव्हाच उलगडतो.

आणि विकत घेताना वेष्टन जरूर वाचा. कोको आणि साखर, फार तर कोको बटर, एवढंच असेल तर घ्या. वेगळा ‘स्वाद’ घातलेला दिसला, तर ते चॉकलेट या चाखण्यासाठी घेऊ नका.