आपला माणूस गादीवर बसल्यावर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



निवडणुका जवळ आल्या की गँगमनच्या खोलीपासून सॉर्टिंग ऑफिसपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येते: "आपल्यातला एक माणूस वर गेला पाहिजे, मग बघा." माणूस वर गेलाच पाहिजे. पण पुढे काय, हे समजण्यासाठी आज पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन देशाच्या सियाका स्टीव्हन्स यांची हकिगत सांगतो.

जन्म १९०५ चा. राजधानी फ्रीटाउनमध्ये शिक्षण, मग काही वर्षे पोलिसात नोकरी. पुढे मारांपाच्या लोखंडाच्या खाणीवर आणि तेथून पेपेल बंदराकडे खनिज नेणाऱ्या रेल्वेवर त्यांनी काम केले. १९४३ साली खाण कामगारांची युनियन उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९४७ मध्ये ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात कामगार प्रश्नांचा अभ्यास केला. १९५१ साली विधिमंडळात गेले आणि १९५२ मध्ये मंत्री झाले. खाणी आणि मजूर ही खाती त्यांच्याकडेच आली.

माणूस कच्चा नव्हता. १९६० च्या लंडन परिषदेत स्वातंत्र्याच्या करारावर सही करायला त्यांनी नकार दिला. ब्रिटनशी संरक्षण करार नको आणि स्वातंत्र्याआधी निवडणूक घ्या, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी वेगळा पक्ष काढला, १९६२ पासून विरोधी पक्षनेते म्हणून काम केले. १९६७ ची निवडणूक जिंकून पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी लष्कराने त्यांना अटक केली. पुढे ते गिनी देशात आश्रयाला गेले. १९६८ मध्ये शिपाई-हवालदारांनी बंड केले आणि त्यांना परत आणून खुर्चीवर बसवले. तेथील कामगारांना त्या दिवशी किती आनंद झाला असेल!

आता पुढचे ऐका. १९७१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९७४ साली देशाची सरकारी रेल्वे बंद झाली. आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेसारखीच अडीच फुटी गेजची ती लाइन. ती तोट्यात होती हे खरे. पण ती ज्या दक्षिण आणि पूर्व भागातून जात होती, तो विरोधी पक्षाचा बालेकिल्ला होता, हेही तितकेच खरे. ज्यांनी रेल्वेवर घाम गाळला, त्यांच्याच राजवटीत रूळ उखडले गेले. १९७४ हेच आपल्याकडच्या ऐतिहासिक रेल्वे संपाचे वर्ष, हे लक्षात ठेवा.

१९७८ मध्ये राज्यघटना बदलून एकच पक्ष ठेवला. १९८० मध्ये आफ्रिकी राष्ट्रांच्या परिषदेवर अफाट पैसा उधळला. महागाई भडकली. १९८१ मध्ये कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारला. तेव्हा युनियनच्या या संस्थापकाने आणीबाणी लावली आणि युनियनचे पुढारी तुरुंगात टाकले. १९८५ मध्ये सेनापती मोमोह यांच्या हाती सत्ता देऊन ते निवृत्त झाले, १९८८ मध्ये वारले. १९९१ मध्ये तिथे यादवी पेटली.

मित्रांनो, याचा अर्थ सगळे पुढारी सारखेच, असा काढू नका. तो आळशाचा निष्कर्ष आहे. माणूस निवडून द्या, पण युनियन त्याच्या खिशात देऊ नका. वर्गणीचा हिशेब, शाखेची मासिक सभा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क हे तीन ब्रेक शाबूत ठेवा. ड्रायव्हर कितीही ओळखीचा असला तरी ब्रेक तपासल्याशिवाय आपण गाडी सोडत नाही. हाच नियम पुढाऱ्यालाही लावा. मी सेक्रेटरी आहे, सुरुवात माझ्यापासून करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!