तुटलेल्या तारेकडे जाणारा माणूस

पावसाळ्याच्या तोंडावर वादळ सुटतं, धरणगावच्या शिवारात वीजतार तुटून पडते आणि आपण सगळे मागे सरतो. महावितरणचा जनमित्र, म्हणजे आपला वायरमन, मात्र तिच्याकडेच निघतो. तिथं कुणाचं लेकरू, कुणाची बैलजोडी सापडू नये म्हणून.

मोठ्या लाइनीत 11 हजार व्होल्ट दाब असतो. वायरमन आधी उपकेंद्रातून पुरवठा बंद करून घेतो, डिस्चार्ज रॉडनं तार जमिनीशी जोडतो, मगच खांबावर चढतो. तरी धोका उरतो, आणि तो आपल्याच घरातून येतो! घर लाइनीपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवता कुणी जनरेटर लावला, तर वीज उलटी रोहित्रात शिरते, तिथं तिचा दाब वाढतो आणि बंद लाइन जिवंत होते. वर कुणाचा तरी बाप काम करत असतो.

4 मार्चला देशात लाइनमन दिवस पाळतात. त्या दिवशी त्याला शाल-श्रीफळ जरूर द्या. पण वर्षभर तारेवर आकडा टाकू नका, जनरेटरला चेंजओव्हर बसवून घ्या. आणि तुटलेली तार दिसली, तर हात न लावता, लोकांना लांब थांबवून 1912 या क्रमांकावर लगेच कळवा.