अर्धांगवायू आणि घरची सेवा

घरात कोणाला अर्धांगवायू झाला, की सारे घर सेवेला लागते. मग घरच्यांनाच व्यायाम शिकविले, तर रोगी अधिक सुधारेल काय? आपल्या देशातील १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांवर हे पडताळून पाहिले. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पाहावे तो, घरच्यांना शिकविलेल्या आणि न शिकविलेल्या, दोन्ही गटांत शेकडा ४७ रोगी दगावलेले किंवा परावलंबी!

सेवा व्यर्थ नव्हे. पण तेवढ्याने भागत नाही. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर तेल चोळीत बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

आणि वाढलेला रक्तदाब मेंदूच्या, तशाच मूत्रपिंडांच्याही रक्तवाहिन्या नासवितो. तो आधीच ताब्यात ठेवा.